सहावा गठ्ठा

परवा रविवारी काका घरी आले होते. चहा पिता पिता म्हणाले, "तू कंपनीत नेमकं करतोस तरी काय रे?" (मी २०१९ मध्ये नोकरीला लागलो, तेव्हापासून हा प्रश्न आमच्या घरात प्रलंबित आहे.)

"एंटरप्राइझ कंटेंट मॅनेजमेंट." काकांचा चेहरा कोरा. मग म्हटलं, "मोठ्या कंपन्यांचे कागद सांभाळतो. कॉम्प्युटरवरचे."

"हात्तिच्या! म्हणजे रेकॉर्ड कीपर!"

काका जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत. इंजिनिअरिंगची चार वर्षं त्यांनी दोन शब्दांत निकालात काढली. आणि वैताग म्हणजे, ते बरोबर होतं.

आमच्या धंद्यात कामापेक्षा नावं जास्त बदलतात. २००० च्या सुमारास ईसीएम हा शब्द रुळला. मग मोठ्या माशांनी छोटे मासे गिळायला सुरुवात केली. २००३ मध्ये ईएमसीनं डॉक्युमेंटम घेतलं, २००६ मध्ये आयबीएमनं फाईलनेट, ओरॅकलनं स्टेलेंट. डॉक्युमेंटमच्याच एका संस्थापकानं, जॉन न्यूटननं, २००५ मध्ये अल्फ्रेस्को काढून ओपन सोर्सचा झेंडा लावला. तेही २०२० मध्ये हायलँडकडे गेलं. २०१० मध्ये सीएमआयएस नावाचं स्टँडर्ड आलं, म्हणजे या सगळ्या सिस्टिम्स एकमेकींशी बोलतील. २०१७ मध्ये गार्टनरनं जाहीर केलं की ईसीएम संपलं, आता 'कंटेंट सर्व्हिसेस' म्हणा. आणि आता काय, सगळीकडे एआय.

सेल्सच्या स्लाइडवरचं वाक्य मात्र तेच: तुमचे सगळे कागद आमच्याकडे टाका, हवं ते शोधून देऊ.

माझं म्हणणं एवढंच की गडबड त्या 'सगळे' या शब्दात आहे. कुठला कागद खरा, त्याचा मालक कोण आणि तो फेकायचा कधी, हे ठरवणं म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट. बाकी सगळं स्टोरेज. आणि हे ठरवायचं काम आपण गेली वीस-पंचवीस वर्षं पुढच्या सॉफ्टवेअरवर ढकलत आलोय.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. २०२१ मध्ये आम्ही एका कारखान्याच्या फाईली जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये हलवल्या. स्क्रिप्ट माझी होती. शनिवार-रविवार जागून काम संपवलं. फाईलींचा आकडा जुळला, चेकसम जुळले, क्लायंटनं सही केली, टीमनं बिर्याणी खाल्ली. एकच गोष्ट राहिली. प्रत्येक फाईलची 'शेवटचा बदल' ही तारीख बदलून त्या शनिवार-रविवारची झाली होती. दहा वर्षांपूर्वीची फाईल आणि मागच्या महिन्यातली फाईल, दोघी जुळ्या बहिणी! तारीख टिकली का, हे तपासायच्या यादीतच नव्हतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मागच्या वर्षी त्याच कारखान्यात त्याच फाईलींवर एआय असिस्टंट बसवला. मेंटेनन्सच्या एका नवीन इंजिनिअरनं विचारलं, हायड्रॉलिक प्रेस उघडण्याआधी काय काय बंद करायचं? उत्तर लगेच आलं. मुद्देसूद, खाली फाईलची लिंकसुद्धा. फक्त ती कार्यपद्धती जुनी होती. नंतर जोडलेला एक व्हॉल्व्ह बंद करायची पायरी त्यात नव्हतीच. शेजारी उभ्या असलेल्या जुन्या फिटरनं हटकलं म्हणून निभावलं. कुणाला काही झालं नाही. मला हे एका कॉलवर कळलं. स्क्रीनवर त्या फाईलची तारीख दिसत होती आणि ती माझ्या स्क्रिप्टची होती. मी म्यूटवर होतो, ते बरं झालं.

आता कुणी म्हणेल, एआय सुधारतंय, नवी प्रत कुठली ते ओळखेल की! अहो, पण कशावरून? तारीख मी पुसली, मालकाच्या रकान्यात 'ॲडमिन', आणि नावं 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच'. पूर्वी सर्च भिकार होता, त्यामुळे जुनी फाईल सापडतच नसे. कचऱ्याला अंधाराचं संरक्षण होतं. आता तोच कचरा शुद्ध भाषेत, आत्मविश्वासानं उत्तर देतो.

हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुमच्याकडे सहा गठ्ठे नाहीत का?" मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवले: चालू प्रकरणं, उत्तराच्या प्रतीक्षेतली, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. शिवाय प्रकरण बंद करतानाच त्यावर अ, ब, क, ड असा वर्ग टाकायचा. अ म्हणजे कायम जपायचं, ड म्हणजे वर्षभरात जायचं. त्यांच्या रेकॉर्ड रूममध्येही उंदीर होते, धूळ होती, हे तेच सांगतात. पण फेकायचं काय, याला तिथे निदान एक जागा होती. आमच्या करोडोंच्या सिस्टिम्समध्येही 'रिटेन्शन पॉलिसी' नावाचा भाग असतो. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी तो बंद असतो.

सगळंच उडवा असं मी म्हणत नाही. औषध कंपनीच्या बॅचचे कागद, कोर्टात चालू असलेल्या प्रकरणाचे कागद, यांना हात लावायचा नाही. पण "असू दे, लागेल कधीतरी" हा निर्णय नव्हे, निर्णय टाळणं आहे. आणि खरं सांगायचं तर यात आमचाही स्वार्थ आहे. आमचं बिल फाईलींच्या संख्येवर निघतं. कमी फाईली हलवा, असं सांगणारा इंजिनिअर मॅनेजरला आवडत नाही.

तरीही उद्या नव्या मायग्रेशनची पहिली मीटिंग आहे आणि मी एक स्लाइड जास्तीची केली आहे. तीन प्रश्न: या फोल्डरचा मालक कोण? यातली लागू असलेली प्रत कुठली? यातलं काय हलवायचं नाही? उत्तर नसेल, तर ते फोल्डर नव्या सिस्टिममध्ये आणि एआयसमोर जाणार नाही. मॅनेजरनं अजून ती स्लाइड पाहिलेली नाही. बघू.

तोवर तुम्हीही एक करा. सोमवारी ऑफिसात गेल्यावर टीमचा शेअर्ड ड्राइव्ह उघडा आणि 'फायनल' शोधा. किती सापडतात ते मोजा, आणि त्यातली खरी कुठली हे शेजारच्याला विचारा.

काकांनी जाताना विचारलं, "पगार बरा देतात ना रेकॉर्ड कीपरला?" बरा देतात, काका. म्हणूनच जरा लाज वाटते.