आपोआप लागणारा दिवा आणि आजींवर येणारा ठपका



आजारी आणि वृद्धांच्या भेटीला आम्ही स्वयंसेवक जातो, तेव्हा प्रार्थना झाल्यावर चहा येतो आणि चहाबरोबर घरातल्या तक्रारी येतात. गेल्या काही वर्षांत त्यांत एका तक्रारीची भर पडली आहे. परगावी असलेल्या मुलाने किंवा मुलीने सुट्टीत येऊन जिन्यात, न्हाणीघराच्या वाटेवर आपोआप लागणारे दिवे बसवून दिलेले असतात. सुट्टी संपते, मुले जातात आणि एके रात्री दिवा लागत नाही. मग फोनवर पहिले वाक्य ठरलेले: “आई, तूच काहीतरी बटण दाबलं असणार.”

आम्हांला हे पटत नाही. बटण बंद केले म्हणजे दिवा लागणार नाही, हे खरे आहे. सेन्सरला सतत वीज लागते आणि आपल्या घरांत दिवा विझवायचा म्हणजे बटण बंद करायचे, ही साठ-सत्तर वर्षांची सवय आहे. ती सवय काटकसरीची आहे. तिला चूक म्हणू नये. त्या बटणावर चिकटपट्टी लावून ‘हे चालू ठेवा’ असे मोठ्या मराठी अक्षरांत लिहायला दोन मिनिटे लागतात. बसवणाऱ्याने ती दोन मिनिटे दिली नाहीत, तर दोष कोणाचा?

बटण चालू असूनही दिवा लागत नसेल, तर आधी सेन्सरवर कुठून उजेड पडतो ते पाहा. अंधार ओळखणारा सेन्सर प्रत्यक्षात फक्त उजेड मोजतो. समोर रस्त्यावर नवा पांढरा दिवा लागला की त्याच्या लेखी सूर्य मावळलेलाच नसतो. डिसेंबरात तर आपणच नाताळचा तारा त्याच्या शेजारी टांगतो आणि पडवीतला दिवा जानेवारीपर्यंत झोपतो! सेन्सरचे तोंड फिरवले किंवा मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा धरून पाहिला की लगेच कळते. दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो, असे होत असेल तर त्याचा स्वतःचाच उजेड त्याच्या डोळ्यावर पडत असतो.

माणसाच्या चाहुलीने लागणारा दिवा वेगळा. तो अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. त्याच्या समोरून आडवे गेले तर तो चटकन ओळखतो. सरळ त्याच्याकडे चालत गेले, तेही वॉकर धरून हळूहळू, तर उशिरा ओळखतो. म्हणजे ज्यांच्यासाठी बसवला त्यांनाच तो नीट पाहत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची हवा अंगाइतकी तापली की त्याला फरकच कळत नाही. वीज जाऊन आली की काही प्रकारांना सावध व्हायला अर्धा-एक मिनिट लागते. कोळिष्टके आणि रंगकामात उडालेला चुना ही कारणे तर अगदी साधी. कोरड्या मऊ फडक्याने काम होते. खालच्या बाजूला सूर्य-चंद्राची खूण असलेली एक बारीक खुंटी असते. ती चंद्राकडे टोकाला गेली असेल तर मिट्ट काळोखाशिवाय दिवा लागत नाही. थोडी सूर्याकडे वळवावी.

टायमरचे दुखणे निराळे. तबकडीचा टायमर वीज गेली की थांबतो. दोन तास वीज नव्हती, तर दिवाही दोन तास उशिरा लागणार. शिवाय बेळगावात जूनअखेर सूर्य सातनंतर मावळतो आणि नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास. उन्हाळ्यात लावलेली वेळ हिवाळ्यात तासभर अंधार देते. आणि मोबाईलवरून चालणारा दिवा? वायफायचा पासवर्ड बदलला की तो गप्प होतो, आणि त्याची किल्ली असते परदेशातल्या फोनमध्ये. असला दिवा एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरी, दुसरी सोय न करता बसवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही या दिव्यांच्या विरोधात नाही. मध्यरात्री उठणाऱ्या माणसाला भिंत चाचपावी लागत नाही, ही मोठी सोय आहे. या वयात एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते आणि माणूस कायमचा खाटेला लागतो. म्हणूनच तर न्हाणीघराच्या वाटेवर सेन्सरखेरीज एक साधा दिवा हवा आणि त्याचे बटण खाटेवरून हात पोचेल तिथे हवे. उशाशी विजेरीही असू द्या. मुलांनी निघण्यापूर्वी एक रात्र थांबून आई-वडिलांना त्यांच्याच चालीने त्या वाटेवरून चालायला लावावे आणि दिवा कुठे लागतो ते बघावे.

पुढच्या भेटींना आम्ही फडके, चिकटपट्टी आणि जाड पेन घेऊन येऊ. मात्र बटणाला हात लावताना झिणझिण्या येत असतील, जळका वास येत असेल किंवा भिंतीतून पावसाचे पाणी होल्डरपर्यंत उतरले असेल, तर मेन स्विच बंद करा आणि आमची वाट न पाहता इलेक्ट्रिशियनला बोलवा.