दुष्काळी सालाचा हिशेब

सोलापूरहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे तेरखेडा लागते. फटाक्यांचे गाव म्हणून त्याची ओळख आहे. त्यामुळे 'फुसका बार' म्हणजे काय, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही समजावून सांगावे लागत नाही. आकार मोठा, कागद चकचकीत, वात लांब. सगळे जण कानांवर हात ठेवून उभे राहतात आणि पुढे नुसता धूर निघतो. शेजारच्या अंगणात एखादी चिमुरडी साधी फुलबाजी लावते. ती मात्र टोकापासून मुठीपर्यंत इमानाने जळते.

वाद्य शिकू लागलेल्या माणसाने परीक्षेला काय वाजवावे, या प्रश्नाकडे मी याच नजरेने पाहतो. प्रश्न किरकोळ वाटेल, पण तो आता घराघरांत शिरला आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना लहान गावांतली मुले बसतात. शाळांच्या स्पर्धा असतात, गणेशोत्सवातले कार्यक्रम असतात. निवृत्तीनंतर पेटी किंवा बासरी हाती घेणारे आमच्या वयाचे लोकही कमी नाहीत. आमच्या घरात हा प्रश्न आला तो चेलोच्या रूपाने. पुण्याला असलेली माझी नात तीन वर्षांपासून चेलो शिकते आहे. आता तिला एका वाद्यवृंदाच्या निवडचाचणीला बसायचे आहे. काय वाजवावे, यावरून घरात दोन तट पडले आहेत.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये धरून तो वाजवतात. तारा चार आणि पडदे मुळीच नाहीत. सतारीवर बोट पडद्याशी जाते, इथे ते कानाच्या भरवशावर टेकवावे लागते. केसभर सरकले तरी सूर बेसूर होतो. हे वाद्य आपल्याला परके वाटते, पण ते आपण नकळत पुष्कळ ऐकले आहे. जुन्या हिंदी चित्रपटगीतांमागचा तो खर्जातला, गहिवरलेला आवाज अनेकदा चेलोचा असतो आणि तो वाजवणाऱ्यांत गोव्याकडचे वादक बरेच होते. नॅन्सी लेश-कुलकर्णी यांनी तर झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकून चेलोवर ध्रुपद वाजवले.

नातीच्या बापाचे म्हणणे असे की एल्गारचा कॉन्सर्टो वाजव. १९१९ सालची ही रचना जगभर लोकप्रिय आहे, ती जॅकलिन दु प्रे हिने १९६५ मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणामुळे. ते ऐकून कोणाचेही मन हलेल. पण ध्वनिमुद्रणाच्या वेळी दु प्रे वीस वर्षांची होती आणि चेलो तिच्या हातात अगदी बालपणापासून होता, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. पोरीला वाजवायचा आहे ब्रेव्हाल या जुन्या फ्रेंच चेलोवादकाच्या सोनाटामधला एक भाग. शिकणारी मुले तो नेहमी वाजवतात. "परीक्षक काय म्हणतील? एवढंच येतं का हिला?" ही बापाची चिंता. "आबा, मला तो नीट येतो," एवढेच तिचे म्हणणे.

मी पोरीच्या बाजूचा आहे. त्याचे कारण संगीतातले नाही, बँकेतले आहे.

कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी तीसेक वर्षे गेली. अर्जात उत्पन्न लिहिलेले असे ते नेहमी चांगल्या सालाचे. विहीर भरलेली, ज्वारी पोटरीत, दुधाला भाव. त्यात खोटे काही नसे. पण आमचा मुलूख बालाघाटच्या माथ्यावरचा, पावसाच्या मर्जीवर जगणारा. १९७२ चा दुष्काळ मी शाळकरी वयात डोळ्यांनी पाहिला आहे. म्हणून माझा प्रश्न ठरलेला असे, "मालक, पाऊस नाही झाला तर हप्ता कशातून भरणार?" चांगल्या सालावर बेतलेले कर्ज पहिल्याच कोरड्या सालात माणसाला बुडवते. ऐपत मोजायची ती दुष्काळी सालाची.

निवडचाचणीचा दिवस हा वादकाचा दुष्काळी साल असतो. जागा नवी, खुर्ची परकी, तळहाताला घाम. काल रात्री घरी जे वाजले ते आज तसे वाजणार नाही, हे धरूनच चालावे. म्हणून 'मला सर्वांत अवघड काय येते' हा प्रश्न चुकीचा आहे. 'माझ्या सर्वांत वाईट दिवशीही मला काय येते' हा प्रश्न विचारायचा. त्याचे जे उत्तर येईल ते परीक्षेला न्यायचे.

परीक्षक काय ऐकतात, तेही समजून घ्यावे. रचनेचे नाव ऐकून गुण देणारा परीक्षक विरळा. तो ऐकतो सूर लागला की नाही, लय धरली की सुटली, तारेतून भरलेला नाद निघतो की नुसते घासणे. हे पहिल्या मिनिटातच कळते आणि पुष्कळ ठिकाणी वादकाला मध्येच थांबवतातही. तेव्हा जिची सुरुवातच अवघड आहे अशी रचना घेणे म्हणजे उंबरठ्यावरच ठेच मागून घेणे.

१९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीने कलावंतांना चाचणी घेऊन श्रेणी देण्याची पद्धत बसवली. नामवंतांनीही तेव्हा त्याविरुद्ध आवाज उठवला होता. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत बॉस्टनच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राने उमेदवारांना पडद्याआडून ऐकायला सुरुवात केली. पडद्याआडून ना चेहरा दिसतो ना घराणे. ऐकू येतो तो फक्त सूर. आकाशवाणीच्या चाचणीत कलावंताने आपल्या रागांची यादी द्यायची असते आणि निवड असते परीक्षकांच्या हाती. यादी फुगवणाऱ्याची तिथे पंचाईत होते, कारण नेमका कच्चा राग मागितला जातो.

मात्र सोपे म्हणजे काय, हेही नीट पाहिले पाहिजे. भूप हा शिकणाऱ्याचा पहिलावहिला राग. मध्यम नाही, निषाद नाही, उरले पाच स्वर. पण देसकाराचेही तेच पाच स्वर आहेत. गंधारावरचा भार धैवतावर सरकला की भूप हातातून निसटतो. म्हणूनच किशोरी आमोणकरांसारख्या गायिकेलाही भूपात आयुष्यभर सांगण्याजोगे काही सापडत राहिले. चेलोवर सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराचा 'हंस' असाच आहे. संथ चाल, मोजके स्वर. कागदावर पाहिले तर नवख्याला वाटावे, हे तर जमलेच. प्रत्यक्षात एकेक स्वर इतका उघडा की लपायला जागा नाही. उलट काही रचना दिसायला गतिमान असतात, पण बोटांना सोयीच्या असतात. तेव्हा पानावरच्या स्वरांची गर्दी पाहून अवघड-सोपे ठरवू नये. ते गुरूच्या कानाला विचारावे.

यावर आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. नेहमी अंथरूण पाहूनच पाय पसरले तर अंथरूण वाढणार कधी? माणसाने झेप घ्यायची नाही का? घ्यावी, जरूर घ्यावी. पण झेपेची जागा घर आहे, गुरूची खोली आहे. पाब्लो कसाल्स या थोर चेलोवादकाला तेराव्या वर्षी बार्सिलोनाच्या एका दुकानात बाखच्या चेलोसाठीच्या सहा सुइट्सची छापील प्रत सापडली. त्यांनी स्वतः सांगितले आहे की त्यावर बारा वर्षे रोज मेहनत केल्यावरच त्यांतली एक रचना लोकांपुढे वाजवण्याचे धाडस झाले. या बारा वर्षांना कोणी भित्रेपणा म्हणेल काय? डोंगर त्यांनी पहिल्या दिवसापासून चढायला घेतला होता, फक्त चढताना लोकांना बोलावले नाही. नातीनेही एल्गारची पाने घरी उघडावीत, रोज चार ओळी घासाव्यात. चाचणीला ब्रेव्हाल न्यावा.

दुष्काळी सालाचा हा हिशेब घरी तपासून पाहता येतो. सकाळी उठल्याबरोबर, हात गरम न करता, निवडलेली रचना एकदा वाजवावी. शेजारच्या काकूंना बोलावून त्यांच्यासमोर वाजवावी. मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी परक्याचे म्हणून ऐकावे. चूक झाली तरी न थांबता पुढे जाता येते का, ते पाहावे. या सगळ्यातून जी तगते ती आपली. दोन रचना न्यायच्या असतील तर एक संथ आणि एक द्रुत असावी, म्हणजे दोन्ही अंगे दिसतात. आणि निवडलेली चीज आवडती असावी, कारण ती शेकडो वेळा वाजवायची आहे. नावडत्या रचनेचा कंटाळा बोटांतून बाहेर आल्याशिवाय राहत नाही.

आता दोन शब्द आईबापांसाठी. मुलांच्या परीक्षेत पुष्कळदा आपलीच हौस बसलेली असते. शिकवणीची फी, वाद्याची किंमत, बसने केलेल्या खेपा यांचा मोबदला एखाद्या मोठ्या नावाच्या रचनेतून वसूल व्हावा, असे वाटते. त्यात वाईट काही नाही, पण त्याची किंमत मूल भरते. भरल्या सभागृहात मध्येच अडकलेले पोर घरी येऊन वाद्याला खोळ चढवते, आणि ती खोळ कित्येक घरांत पुन्हा निघत नाही. परीक्षा पुढच्या वर्षीही येते. मुलाचा वाद्यावरचा जीव एकदा उडाला की तो परत येईलच असे नाही.

निवड न होणे हे मोठे नुकसान नव्हे. नीट वाजवून निवड झाली नाही तर मूल विचारते, "आता पुढे काय शिकू?" न पेलणारे वाजवून फसले तर विचारते, "मला हे जमणारच नाही का?" या दोन प्रश्नांतले अंतर फार मोठे आहे. आपल्या घरात त्यातला कोणता प्रश्न ऐकू यावा, हे पुष्कळसे रचना निवडतानाच ठरते. ती निवड ज्याच्या बोटांना वाजवायची आहे, त्याला करू द्यावी.