यंत्राचा हात आणि रुग्णाचे पाऊल

यंत्रमानव शस्त्रक्रिया करतो, असे वाक्य कानी पडले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे धातूचा एक चालताबोलता पुतळा उभा राहतो. वस्तुस्थिती पुष्कळ साधी आहे. खुब्याचा अथवा गुडघ्याचा कृत्रिम सांधा बसविताना आज जे यंत्र वापरतात, ते बहुतेक ठिकाणी शस्त्रवैद्याच्या हाताला आवर घालणारा एक बाहू असते. हाडांत खिळे रोवून त्यांवर खुणा बसवितात व कॅमेरा त्या खुणांचा माग ठेवतो. शस्त्रवैद्य टोकदार सळईने हाडावरील अनेक बिंदूंना स्पर्श करतो. त्यावरून संगणक आधी घेतलेल्या चित्रणाची आणि प्रत्यक्ष हाडाची सांगड घालतो. पुढे करवत चालवितो तो शस्त्रवैद्यच. पाते ठरलेल्या सीमेपलीकडे जाऊ लागले की बाहू त्यास अडवितो.

ह्या यंत्राने हाड अधिक नेमके कापले जाते, ह्याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. लंडनमध्ये अर्ध्या गुडघ्याच्या बदलावर झालेली व २००६ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी बोलकी आहे. यंत्राच्या साहाय्याने केलेल्या सर्व गुडघ्यांचा कोन योजलेल्या कोनाच्या २ अंशांच्या आत आला. नेहमीच्या पद्धतीने केलेल्यांपैकी केवळ ४० टक्क्यांचा आला. चाचणी लहान होती, तरी एवढा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हे.

परंतु रुग्ण शस्त्रक्रियागृहात येतो तो अंश मोजून घेण्यासाठी नव्हे. त्यास वेदनेवाचून चालावयाचे असते, आणि बसविलेला सांधा वीस वर्षे टिकावयास हवा असतो. दक्षिण कोरियात सुमारे चौदाशे रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून एका गटाचे गुडघे यंत्राने व दुसऱ्याचे हाताने बदलण्यात आले. सरासरी १३ वर्षांच्या पाहणीनंतर २०२० साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत दोन्ही गटांच्या चालण्याफिरण्यात वा सांधा सैल होण्यात लक्षणीय भेद आढळला नाही. १५ वर्षांनंतर दोहोंकडे सुमारे ९८ टक्के सांधे शाबूत होते. ते यंत्र जुन्या घडणीचे, स्वतःच हाड कोरणारे होते हे खरे. आजची यंत्रे कदाचित अधिक यश देतील. पण ते 'कदाचित' काढून टाकण्यास वर्षे लागतात, आणि जाहिरातदाराजवळ तेवढा धीर नसतो.

सांधेबदलाचा इतिहासच ह्या बाबतीत मोठा शिक्षक आहे. इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी खुब्याची उखळी प्रथम टेफ्लॉनची केली. पदार्थ गुळगुळीत, कल्पना निर्दोष. तथापि थोड्याच वर्षांत त्या उखळ्या झिजल्या आणि पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी पॉलिएथिलीनची उखळी वापरली, तेव्हा कोठे आजच्या खुबेबदलाचा पाया पडला. यंत्रांच्या बाबतीतही असेच एक प्रकरण घडून गेले आहे. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे १९९२ साली 'रोबोडॉक' यंत्राने मानवी मांडीच्या हाडात प्रथम पोकळी कोरली. पुढे जर्मनीतील कित्येक रुग्णालयांनी ते उत्साहाने घेतले. पोकळी सुबक होत होती. पण शस्त्रक्रियेस वेळ अधिक लागे, भोवतालच्या स्नायूंना इजा झाल्याच्या तक्रारी आल्या, खटले उभे राहिले, आणि यंत्रे बाजूस पडली.

आपल्या देशात ह्या प्रश्नाला पैशाची बाजू आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या औषध-मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींस मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा संच करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांवर आला. यंत्राच्या वापराचे शुल्क मात्र त्या आदेशाच्या कक्षेत नव्हते. धातूवरील नफा आटला म्हणून तो यंत्राच्या वाटेने वसूल होऊ नये, एवढी दक्षता तरी राज्यकर्त्यांनी घ्यावी. हे शुल्क देयकात निराळे दाखविणे सक्तीचे करणे अवघड नाही. सार्वजनिक रुग्णालयांनी यंत्र घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. ज्या अध्यापन-रुग्णालयांत दहा-पंधरा वर्षे रुग्णांची विचारपूस करण्याची सोय आहे, तेथे ते अवश्य यावे. इतरत्र त्याच पैशांत शिकाऊ शस्त्रवैद्यांचा हात तयार व्हावा. यंत्र मध्येच बंद पडले तर शस्त्रक्रिया त्या हातानेच पुरी करावयाची असते.

मला ह्याहून निकडीची वाटते ती नोंदवही. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंद १९७५ साली व खुब्यांची १९७९ साली सुरू केली. कोणता सांधा, कोणत्या पद्धतीने बसविलेला, किती टिकला, हे तेथे नोंदींवरून सांगता येते. आपल्याकडील शस्त्रवैद्यांच्या संघटनेची नोंदवही ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक नोंदीत अपयशे क्वचितच उत्साहाने लिहिली जातात. यंत्राने केलेला प्रत्येक सांधा नोंदविणे कायद्याने बंधनकारक करावे. त्या नोंदीत आपल्या लोकांचे प्रश्नही असावेत. इंग्लंडमध्ये रचलेल्या प्रश्नावलीत मोटारीत चढता-उतरता येते काय, असे विचारतात. आपला रुग्ण विचारतो, मांडी घालून बसता येईल काय, आणि परसाकडेस उकिडवे बसता येईल काय. त्यासाठी दोन रकाने वाढवावे लागतील.