पोळ्याला मुलांना गोठ्यात न्या



श्रावण अमावास्येचा पोळा आला की शाळेत मुलं बैलाचं चित्र काढतात. पण ट्रॅक्टर आल्यापासून कित्येकांनी बैलाच्या अंगाला हातही लावलेला नाही. यंदा आदल्या संध्याकाळी पहिली-दुसरीतल्या मुलाला खांदेमळणीला घ्या. घरी बैल नसेल तर शेजाऱ्याच्या गोठ्यात न्या. वडीलधाऱ्यांनी बैल धरावा, मुलानं हळद-तूप खांद्याला चोळावं. जुवाखालचा घट्टा हाताला लागला, की नांगर कुणी ओढला ते त्याला न सांगता कळेल. खांद्याला सूज किंवा जखम दिसली तर चोळू नका, गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. तिथं लाकडी बैल मुलालाच सजवू द्या. मग गुरुजींनी विचारलं, तर मूल पाठ केलेलं नव्हे, हातानं केलेलं सांगेल.