घाट उताराचा, भरवसा ब्रेकचा

समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरील आंबोलीतून सावंतवाडीकडे उतरताना मोटारीच्या ब्रेकची खरी कसोटी लागते. ब्रेक सतत दाबल्याने डिस्क तापते व पकड क्षीण होते; झिजून पातळ झालेली डिस्क अधिक लवकर तापते. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेल्यास डाव्या-उजव्या चाकांच्या डिस्क जोडीनेच बदलाव्या लागतात.

हे तपासणार कोण? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे ग्राह्य असते. व्यावसायिक वाहनांना वेळोवेळी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारींना या काळात तशी सक्ती नाही. घाट मात्र असा भेद करीत नाही. ही उणीव कायद्याने भरून काढेपर्यंत जबाबदारी मालकाचीच.