घरातली कला, मनाचा आधार

वर्धा जिल्ह्यातले केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असे इथली परंपरा सांगते. लाक्षागृहातून निसटलेले पांडव एकचक्रेत एका ब्राह्मणाच्या घरी ओळख लपवून राहिले होते. मार्च 2020मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीमुळे आपल्यावर तर घराच्या चार भिंतींतच दिवस काढण्याची वेळ आली. आजारपण, म्हातारपण किंवा बाळंतपणामुळे ती आजही अनेकांवर येते. अशा वेळी मनाला धीर देते ती हाताशी असलेली कला.

ही कला आपल्या घरांत पूर्वीपासून आहे. जात्यावर दळताना बायकांनी ओवीतून मनातले सल मोकळे केले. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. विदर्भात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2019च्या अहवालात तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. आजार टाळण्यात आणि बरे होण्यात कलेची मदत होते, असे त्यातून दिसले. कला औषधाची जागा घेत नाही, पण औषध घेणाऱ्याला बळ देते.

त्यासाठी कलावंत असण्याची गरज नाही. रोज थोडा वेळ रांगोळी, गोधडी, गाणे किंवा चित्र यांना द्या. घरातल्या आजीला तिच्या ओव्या विचारा आणि लिहून ठेवा. हा अंक त्याच आग्रहाने तुमच्या हाती देत आहोत.