हरकतीचा रकाना

३ सप्टेंबर २०१३ रोजी रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना एक परिपत्रक धाडले. इमारतीचे बांधकाम कोणत्या टप्प्यावर आहे याची वास्तपुस्त न करता गृहकर्जाची रक्कम प्रारंभीच बिल्डरच्या हवाली करण्याची जी प्रथा त्या काळी बळावत चालली होती, तिला आवर घालणे हा त्या परिपत्रकाचा हेतू होता; आणि त्या प्रथेतील धोके सांगताना, कर्जदाराच्या वतीने बिल्डरने भरावयाचे हप्ते बिल्डरनेच थकवले तर त्याचा परिणाम कर्जदाराच्या पतविषयक नोंदीवर आणि गुणांकावर होईल, असा इशाराही त्यात स्पष्टपणे दिलेला होता. नोएडा, ग्रेटर नोएडा, गाझियाबाद आणि गुरुग्राम या राजधानीच्या परिसरात पुढील दहा-बारा वर्षांत जे घडले, ते त्या इशाऱ्याबरहुकूम घडले. ज्यांना तो इशारा सर्वप्रथम कळायला हवा होता, त्या घर घेणाऱ्या सामान्य माणसांपर्यंत मात्र तो क्वचितच पोहोचला.

या योजनेला व्यवहारात ‘सबव्हेन्शन’ म्हणत. ग्राहकाने किमतीचा पाच, दहा किंवा वीस टक्के भाग आपल्या पदरचा द्यावा, उरलेल्या रकमेचे कर्ज बँकेने ग्राहकाच्या नावे मंजूर करून ते बिल्डरच्या खात्यात जमा करावे, आणि घराचा ताबा मिळेपर्यंत किंवा ठरावीक मुदत संपेपर्यंत व्याजाचा भार बिल्डरने सोसावा, असा त्रिपक्षीय करारनामा होई. भाड्याच्या घरात राहून नव्या घराचा हप्ता भरणे ज्याला परवडत नाही, अशा नोकरदाराला ही सवलत मोठ्या दिलाशाची वाटली यात नवल नाही. परंतु कर्जफेडीचे अंतिम दायित्व त्याच करारनाम्यात त्या नोकरदाराच्याच माथी ठेवलेले होते. बिल्डरचा हात आखडला, इमारती अर्ध्यावर थांबल्या, व्याज भरणे बंद झाले, आणि वसुलीच्या नोटिसा ग्राहकाच्या दारी येऊ लागल्या. राष्ट्रीय आवास बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशी कर्जे देण्यापासून परावृत्त केले ते जुलै २०१९ मध्ये, आणि तोवर पुष्कळ उशीर झालेला होता.

ग्रेटर नोएडाच्या पश्चिम भागात राहणाऱ्या अशाच एका मराठी कुटुंबाचा क्रेडिट रिपोर्ट मी त्यांच्या घरी बसून वाचला. राहते घर भाड्याचे. आणि ज्या घरासाठी कर्ज काढले, त्या इमारतीचा सांगाडा तेथून पायी जाण्याच्या अंतरावर उभा. रिपोर्टमध्ये प्रत्येक कर्जखात्याखाली महिन्यांचे लहान लहान चौकोन असतात, अलीकडचा महिना आधी आणि जुने मागाहून, असे सुमारे तीन वर्षांचे. आणि प्रत्येक चौकोनात हप्ता किती दिवस थकला याचा तीन अंकी आकडा असतो. त्या गृहस्थांच्या वाहनकर्जाखाली आणि क्रेडिट कार्डाखाली एकसारखी शून्ये होती, एका महिन्याचाही खंड नाही. गृहकर्जाखालचे चौकोन जुन्याकडून नव्याकडे वाचीत गेल्यावर मात्र शून्यांमागून ०३०, मग ०६१, मग ०९१ आणि त्यापुढे ‘एसयूबी’ ही अक्षरे, म्हणजे नव्वद दिवसांची मर्यादा ओलांडून खाते अनुत्पादक झाल्याची खूण, आली. वहिनी म्हणाल्या, “व्याज बिल्डर भरणार असं करारातच लिहिलंय ना हो? मग थकबाकीदार म्हणून नाव आमचं कसं?” कायद्याच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, कारण कर्जावर सही त्यांची आहे. न्यायाच्या दृष्टीने ते तितके सोपे नाही.

ही नोंद कोण ठेवतो आणि तिच्यातून गुणांक कसा निघतो, हे सुशिक्षित माणसांनाही अनेकदा ठाऊक नसते. आपल्या देशात अशी दप्तरे ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. त्यांतील सर्वांत जुनी २००० साली मुंबईत स्थापन झालेली सिबिल, आणि तिचे नाव इतके रूढ झाले की गुणांकालाच लोक सिबिल म्हणू लागले. उरलेल्या तीन म्हणजे इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. बँकांनी आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांच्याकडे पाठवावयाची, पूर्वी महिन्यातून एकदा आणि १ जानेवारी २०२५ पासून निदान दर पंधरवड्याला. या माहितीवरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान एक आकडा काढला जातो, आणि प्रत्येक कंपनीची गणनपद्धती निराळी असल्याने एकाच माणसाचे चार आकडे तंतोतंत जुळत नाहीत. हप्ते वेळच्या वेळी भरले की नाही, याला सर्वाधिक वजन. क्रेडिट कार्डाच्या मंजूर मर्यादेपैकी किती रक्कम वापरली जाते याला त्याखालोखाल, आणि ती तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहिलेली बरी, असे जाणकार सांगतात. कर्जखाती किती जुनी, तारण ठेवून घेतलेली कर्जे आणि विनातारण कर्जे यांचे प्रमाण काय, थोड्या अवधीत किती ठिकाणी कर्जासाठी अर्ज केले, हेही पाहिले जाते. आपला रिपोर्ट आपणच मागवून पाहिल्याने मात्र गुणांक घटत नाही. त्या भीतीने तो वर्षानुवर्षे न पाहणारी माणसे मला भेटली आहेत. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलेल्याच्या आणि सहकर्जदाराच्या दप्तरीही थकबाकीची नोंद उमटते, आणि बँकेशी तडजोड करून कमी रकमेत खाते मिटवले तर ‘सेटल्ड’ असा जो शेरा पडतो, तो पुढच्या बँकेला कर्ज बुडवल्यासारखाच दिसतो.

त्यात काय येत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पगार, मुदतठेव, भविष्यनिर्वाह निधी यांना त्यात स्थान नाही. आणि ज्या कुटुंबाचे मी वर सांगितले, त्याने प्रत्येक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरमालकाला न चुकता दिलेले भाडेही त्यात कोठे आढळत नाही. या माणसाने आपले दायित्व कसे सांभाळले याचा सर्वांत बोलका पुरावा दप्तराबाहेर राहतो, आणि दुसऱ्याने मोडलेल्या वचनाचा पुरावा त्याच्या नावावर नोंदला जातो.

हे दप्तरच नको, असे मात्र मी म्हणणार नाही. ते नव्हते तेव्हा कर्ज मिळणे हे शाखाधिकाऱ्याच्या ओळखीवर, जातीपातीच्या आणि गावकीच्या शिफारशीवर अवलंबून असे, आणि परगावाहून दिल्लीत आलेल्या, कोणाचीही ओळख नसलेल्या तरुणाला त्याच्या वर्तनाच्या नोंदीवर कर्ज मिळू लागले हे या व्यवस्थेचे मोठे श्रेय आहे. महाराष्ट्रात पीककर्जासाठी सिबिलची अट घालणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याचा इशारा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये दिला. त्यामागील शेतकऱ्याची व्यथा खरी आहे; परंतु एकेका वर्गाला दप्तरातून मोकळे करीत गेल्याने दप्तर सुधारत नाही. त्याची रचना न्याय्य करणे हा मार्ग अधिक अवघड असला तरी तोच टिकाऊ आहे.

माझा मुख्य आक्षेप २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या नियमनविषयक कायद्यातील कलम २१ ला आहे. कर्जदाराला आपला रिपोर्ट मागण्याचा आणि चूक दुरुस्त करून मागण्याचा हक्क हे कलम देते, आणि तेथवर ते स्वागतार्ह आहे. परंतु दुरुस्ती व्हायची ती संबंधित बँकेने ती बरोबर असल्याचे प्रमाणित केल्यावरच. आणि त्याच कलमाच्या परंतुकात असे म्हटले आहे की त्या माहितीविषयीचा वाद लवादापुढे, न्यायाधिकरणापुढे किंवा न्यायालयापुढे प्रलंबित असेल, तर तो निकाली निघेपर्यंत बँकेच्या वहीतील नोंदच ग्राह्य धरली जावी. दोन पक्षांमधील तंट्यात एका पक्षाची वही हीच पुराव्याची वही ठरवणारी ही तरतूद आहे. वाद न्यायालयात दहा वर्षे रेंगाळला, तर दहा वर्षे तो माणूस थकबाकीदार.

आपल्याकडील जमिनीचे दप्तर याहून समंजस आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे सातबाऱ्यावर फेरफार धरावयाचा झाला तर तलाठ्याने हितसंबंधितांना आधी नोटीस द्यावी लागते. कोणी हरकत घेतली तर तिची लेखी पोच द्यावी लागते, ती हरकत विवादग्रस्त प्रकरणांच्या निराळ्या नोंदवहीत चढवली जाते, आणि महसूल अधिकाऱ्याने दोन्ही बाजू ऐकून निर्णय दिल्याखेरीज तो फेरफार प्रमाणित होत नाही. तलाठ्याच्या दप्तराविषयी शेतकऱ्याच्या तक्रारी कमी नाहीत, आणि संहितेत लिहिलेले सारे सज्जावर घडतेच असे कोणी म्हणणार नाही. परंतु हरकत घेणारा माणूस अस्तित्वात असू शकतो, एवढे तरी त्या कायद्याने गृहीत धरले आहे.

२७ मार्च २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने स्टेट बँक विरुद्ध राजेश अग्रवाल या खटल्यात असे ठरवले की एखादे खाते लबाडीचे आहे असे बँकेने जाहीर करण्यापूर्वी कर्जदाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. लबाडीचा ठपका हा थकबाकीहून गंभीर आहे हे खरे. तरीही कोट्यवधींच्या औद्योगिक कर्जांच्या प्रकरणांत मान्य झालेले हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व, दोन खोल्यांच्या घरासाठी आयुष्याची कमाई गहाण ठेवणाऱ्याला मात्र मुळीच लागू नसावे, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

बँका म्हणतील की प्रत्येक थकबाकीदार काही ना काही कारण सांगतोच, आणि कारणे ऐकत बसलो तर ठेवीदारांचा पैसा सुरक्षित राहणार नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. कर्जाची रक्कम कर्जदाराच्या हाती न येता तिसऱ्याच्या खात्यात गेली, त्या रकमेच्या मोबदल्यातील घराचा ताबा मिळालेला नाही, आणि त्याविषयीची तक्रार रेरापुढे, ग्राहक आयोगापुढे किंवा न्यायालयापुढे दाखल आहे, या तिन्ही गोष्टी कागदोपत्री सिद्ध असतील, तेव्हाच ती नोंद विवादाधीन धरावी आणि निर्णय होईतो तिचा गुणांकावर परिणाम होऊ देऊ नये. शिवाय बांधकामाची प्रगती न पाहता पैसे मोकळे करणाऱ्या बँकेने आपल्या दुर्लक्षाचे सारे ओझे कर्जदाराच्या नावावर टाकावे आणि स्वतः निर्दोष वसुलीदार म्हणून उभे राहावे, हे २०१३ च्या परिपत्रकानंतर तरी शोभत नाही.

न्यायालयांनी काही प्रमाणात हात दिला आहे. बेचाळीस हजारांहून अधिक ग्राहक ज्यात अडकले होते त्या आम्रपाली या बिल्डर समूहाच्या प्रकरणात २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांनी अपुऱ्या इमारती एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीकडून पूर्ण करून घेण्याचा निर्णय दिला, आणि जून २०२० मध्ये खाती अनुत्पादक ठरली असली तरी त्या ग्राहकांचे उर्वरित कर्ज रोखून धरू नये, असेही बँकांना बजावले. सबव्हेन्शनमधील ग्राहकांच्या याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये, त्यांना अन्य कायदेशीर उपाय उपलब्ध आहेत असे सांगून, फेटाळल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्यांच्याविरुद्धच्या सक्तीच्या कारवाईला मनाई केली, आणि २९ एप्रिल २०२५ रोजी बिल्डर आणि बँका यांच्या संगनमताच्या आरोपांची प्राथमिक चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवली. परंतु वसुली थांबली म्हणून चौकोनातील आकडे आपोआप पुसले जात नाहीत.

तोपर्यंत कर्जदाराने आपल्या हाती असलेले हक्क तरी वापरावेत. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण रिपोर्ट, गुणांकासह, विनामूल्य मिळतो, आणि ही सोय २०१७ पासून आहे. चूक आढळली तर बँकेकडे आणि कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण झाले नाही तर २६ ऑक्टोबर २०२३ च्या आदेशान्वये त्यापुढील दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते, आणि सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या अधिकारकक्षेत आल्या आहेत. या सुधारणा मोलाच्या आहेत. पण त्या चुकीच्या नोंदीवरचा उपाय आहेत, आणि अर्धवट इमारतीपुढे उभ्या असलेल्या माणसाची नोंद बँकेच्या वहीप्रमाणे अचूकच असते.

कलम २१ चे परंतुक बदलणे हे संसदेचे काम. तथापि मधल्या काळात रिझर्व्ह बँकेला आपल्या अधिकारात पुष्कळ करता येईल, याचा दाखला फार जुना नाही. २७ मार्च २०२० रोजी टाळेबंदीमुळे हप्त्यांना स्थगिती देताना तिने असा आदेश दिला होता की ही स्थगिती घेणाऱ्याला थकबाकीदार म्हणून कळवू नये आणि त्याच्या पतविषयक इतिहासाला बाधा पोहोचू नये. कर्जदाराच्या हाताबाहेरचे कारण नोंदीत वेगळे ओळखता येते आणि गुणांकापासून दूर ठेवता येते, हे तेव्हा लक्षावधी खात्यांबाबत करून दाखवले गेले. तशीच विवादाधीन खात्याची एक स्वतंत्र खूण आता ठरवून द्यावी. आणि ती केवळ पुढील कर्जदारांसाठी नको. ज्यांच्या योजनांची चौकशी आज चालू आहे त्यांच्या मागील नोंदींनाही ती लागू झाली पाहिजे, कारण घराचे बुकिंग केले तेव्हा शिशुवर्गात असलेली त्यांची मुले आता महाविद्यालयात जाण्याच्या वयाची झाली आहेत, आणि शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर सहकर्जदार म्हणून सही आईवडिलांचीच लागते.